सोंग, तमाशा, आकांडतांडव: अतिरेकाला नाव देणारे शब्द कुठून आले?

श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरला लोक जातात ते समुद्रासाठी, सुपारीच्या वाड्यांसाठी आणि सुवर्णगणेशासाठी. गावातल्या रूपनारायणाच्या मंदिरात मात्र थोडेच जण वळतात. तिथली विष्णूची शिलाहारकालीन मूर्ती सावकाश पाहावी अशी आहे. मूर्तीभोवतीच्या प्रभावळीत दशावतार कोरलेले आहेत. देव एक, रूपे दहा, आणि देवाचे नावही रूपनारायण.

आता मराठी घरात हमखास कानावर पडणारे एक वाक्य आठवा. केस पिंजारलेला, सदरा चुरगळलेला मुलगा दारात उभा राहिला की आई म्हणते, "काय हा अवतार करून आलायस!" शब्द तोच आहे. प्रभावळीत तो पूज्य आहे, दारात तो टोमणा झाला आहे.

हे एकाच शब्दाचे झालेले नाही. कुणी गरजेपेक्षा जास्त रडले, ओरडले, रुसले, हातवारे केले, की आपण म्हणतो: सोंगं करू नकोस, नाटकं पुरेत, कशाला तमाशा करतेस, काय हा थयथयाट, किती आकांडतांडव, त्याने माझ्या नावाने शिमगा केला, घरात नुसता गोंधळ घातला. अलीकडे यात नौटंकी आणि ड्रामा यांची भर पडली. या शब्दांची यादी एकाखाली एक मांडली, तर ती शिव्यांची यादी वाटत नाही. ती महाराष्ट्राच्या प्रयोगकलांची यादी वाटते. सोंग, नाटक, तमाशा, तांडव, शिमगा, गोंधळ: यातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी देवापुढे किंवा गावापुढे मन लावून सादर झालेली आहे. अतिरेकाला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा भाषेने ते नाव कलेच्या अंगणातून उचलले.

या शब्दांचा माग दिवेआगरपासून काढायला आणखी एक कारण आहे. इथला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट मराठीतल्या सर्वांत जुन्या ताम्रपटांपैकी एक आहे. या गावात मराठी लिहिली जाऊ लागली त्याला जवळजवळ हजार वर्षे झाली.

सोंग: खोटे, पण फसवे नव्हे

अतिनाटकी वागण्याला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत मराठी शब्द कोणता, असे विचारले तर मी 'सोंग' म्हणेन. हिंदीतला 'स्वांग' हा त्याचा सख्खा भाऊ. दोघांचे मूळ संस्कृत 'स्वांग', म्हणजे स्व अधिक अंग, असे सहसा सांगितले जाते. आपले अंग हेच साधन करून दुसऱ्याचे रूप उभे करायचे, हा त्यामागचा भाव.

कोकणात सोंगाचा महिना म्हणजे फाल्गुन. रत्नागिरीत आणि रायगडच्या दक्षिण पट्ट्यात नमनाचे खेळे मृदंग आणि झांजा घेऊन उभे राहतात. आधी गणपतीचे स्तवन, मग गवळण, मग सोंगे. संकासुराचे सोंग येते, कृष्ण येतो, शेवटाकडे दहा तोंडांचा मोठा मुखवटा चढवून रावण नाचतो. शिमग्यात स्त्रीवेष घेतलेला पुरुष 'गोमू' म्हणून नाचतो आणि सारी वाडी त्याच्याभोवती गोळा होते. कुणबी समाजाने ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. मुंबईला गिरणीत कामाला गेलेल्या चाकरमान्यांनी तीच परळच्या दामोदर नाट्यगृहाच्या रंगमंचावर नेली.

दक्षिणेला सिंधुदुर्गात आणि गोव्यात दशावतारी नाटक आहे. त्याच्या पूर्वरंगातही संकासूर आहे. तो वेद पळवतो आणि विष्णू त्याचा वध करतो. दिवेआगरच्या प्रभावळीत दगडात दिसणारा मत्स्यावतार ज्या कथेतला, तीच ही कथा; इथे ती रात्री जत्रेत हाडामांसाची माणसे सादर करतात. दशावतारात छापील संहिता नसते. कथा ठरलेली असते आणि संवाद नट जागच्या जागी रचतो. पुरुषच स्त्रियांची कामे करतात. नाटक पहाटेपर्यंत चालते आणि दहीकाल्याने संपते.

या सगळ्यात मुखवट्याचे स्थान काय, हे कोकणी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. शिमग्याआधी पालखीत ग्रामदेवतेची रूपी लागतात, म्हणजे देवाचे धातूचे मुखवटे बसवून त्यांना वस्त्रे नेसवतात. त्या मुखवट्यामागे काही लपलेले नसते. देव त्या रूपाने भेटीला निघालेला असतो. दिवेआगरचा सुवर्णगणेशही मुखवटाच आहे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी, संकष्टीच्या दिवशी, इथल्या एका वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीत तो सापडला. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदारांचा जीव गेला आणि मुखवटा चोरीला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्याने घडवलेला मुखवटा तिथे बसवण्यात आला. एका मुखवट्यासाठी गाव इतकी वर्षे थांबते, याचा अर्थ त्या गावाच्या लेखी मुखवटा म्हणजे खोटेपणा नव्हे.

मग 'सोंग' हा शब्द वाईट कसा झाला? त्याचे उत्तर सोंगाच्या अटीत आहे. खऱ्या सोंगात घेणारा आणि पाहणारा दोघांनाही ठाऊक असते की हे सोंग आहे. रावण नाचतो तेव्हा लहान मूल घाबरते, पण त्याला मांडीवर घेतलेली आजी हसत असते, कारण मुखवट्याआड शेजारचाच कुणी आहे हे तिला माहीत असते. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात बहुरूप्यांचा दृष्टांत आहे. राजा आणि राणी झालेल्या बहुरूप्यांच्या मनात स्त्रीपुरुषभाव नसतो, तरी लोकांसाठी ते आपली भूमिका चोख वठवतात. ज्ञानी माणसाने कर्म कसे करावे हे सांगायला ज्ञानदेवांना बहुरूपी आठवतो, ही त्या कलेला मिळालेली फार मोठी पावती आहे.

ही समजूत एका बाजूने मोडली, म्हणजे पाहणाऱ्याला ठाऊकच नसले, की सोंगाचे ढोंग होते. झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, ही म्हण त्या मोडलेल्या समजुतीची आहे. सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण सोंगाची मर्यादा सांगते. तमाशातला सोंगाड्या मात्र या दोन्ही म्हणींपलीकडचा आहे. तो सोंग घेऊन उघड सांगतो की मी सोंग घेतले आहे, आणि त्या आडोशाने पाटलाला, सावकाराला चार खऱ्या गोष्टी सुनावतो.

शिमगा, बोंब आणि गोंधळ

'नावाने शिमगा करणे' हा वाक्प्रचार थेट होळीच्या माळावरून आला. होळी पेटली की तोंडावर उलटा हात मारत बोंब ठोकायची, एरवी उच्चारता न येणारे शब्द मोकळेपणाने उच्चारायचे, ही जुनी रीत. वर्षातून एकदा, ठरलेल्या जागी, ठरलेल्या तिथीला गावाने दिलेली ती मुभा होती. वर्षभराचे साचलेले त्यात वाहून जायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब कुणी मागायचे नाही. पण तिथी नसताना, होळी नसताना कुणी तसे केले, तर तो 'शिमगा करणे' झाला. 'बोंबाबोंब' आणि 'बोंब मारणे' यांचाही प्रवास तसाच.

गोंधळाचे तर फारच विपरीत झाले. तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका यांच्या नावाने लग्नकार्यानंतर घातला जाणारा गोंधळ हा अत्यंत शिस्तीचा विधी आहे. चौक मांडायचा, घट बसवायचा, दिवटी पेटवायची, संबळ-तुणतुण्याच्या साथीवर एकेका ठिकाणच्या देवाला नाव घेऊन बोलवायचे, मग आख्यान लावायचे, शेवटी आरती. यात काही विस्कळीत नाही. तरी आज 'गोंधळ' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अव्यवस्था येते. संबळाचा दणदणाट आणि रात्रभराची जाग एवढेच शब्दाच्या वाट्याला उरले, विधीतली शिस्त गळून पडली. 'आख्यान लावणे' आणि 'पुराण लावणे' हेही असेच. कीर्तनकाराने लावले तर श्रवणीय, शेजाऱ्याने लावले तर पाल्हाळ.

आकांडतांडव: शब्दातच निवाडा

या सगळ्या शब्दांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 'आकांडतांडव'. मूळ संस्कृत जोडशब्द 'अकाण्डताण्डव' असा आहे. मराठीने पहिला 'अ' लांबवला. 'आकांत'शी त्याचा नाद जुळल्यामुळे पुष्कळांना त्यात आक्रोश ऐकू येतो. पण 'अकाण्ड' याचा अर्थ अवेळी, अचानक, प्रसंग नसताना. अवेळी केलेले तांडव ते अकांडतांडव.

तांडव स्वतः मात्र बेभान धिंगाणा नाही. भरताच्या नाट्यशास्त्राचा चौथा अध्याय तांडवालाच वाहिलेला आहे. शिवाच्या आज्ञेवरून तंडू नावाच्या गणाने ते भरताला शिकवले आणि तंडूवरून तांडव हे नाव पडले, असे तिथे सांगितले आहे. त्यात १०८ करणे आणि ३२ अंगहार दिले आहेत. करण म्हणजे हात, पाय आणि देह यांची एकत्रित, मोजूनमापून साधलेली हालचाल. तमिळनाडूतल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात यातली ८१ करणे दगडात कोरलेली आहेत. इतके काटेकोर शास्त्र ज्या नृत्यामागे आहे, त्याला भाषेने दोष दिला नाही. दोष दिला तो अवेळेला. हा शब्द घडवणाऱ्यांनी एका जोडशब्दात न्याय करून ठेवला आहे: नाच चुकीचा नाही, वेळ चुकीची आहे.

'थयथयाट' हा शब्दही नाचातलाच. नाचताना पावले पडतात तो 'थयथय' आवाज त्यात जसाच्या तसा आहे. रागाने पाय आपटत फिरणाऱ्या माणसात भाषेला तालाशिवाय नाचणारा माणूस दिसला.

तमाशा: एका शब्दाचे सोसणे

'तमाशा' मूळचा अरबी. चालणे या अर्थाच्या धातूपासून 'बरोबर चालत जाणे', तिथून फारसीत 'फेरफटका मारून पाहणे' आणि मग 'पाहण्याजोगे काही' असे अर्थ होत गेले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषेत तोच शब्द पोचला. तिथे 'तमाशा' म्हणजे उत्सव, सोहळा. त्या शब्दाला तिथे कसलाही डाग नाही.

महाराष्ट्रात तो उत्तर पेशवाईत बहराला आलेल्या कलेचे नाव झाला. पेशव्यांचे मूळ गाव श्रीवर्धन, दिवेआगरच्याच तालुक्याचे. इथून घाटावर गेलेल्या बाळाजी विश्वनाथांच्या वंशात पुढे दुसरे बाजीराव झाले. त्यांच्या काळात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या लावण्यांनी पुणे गाजत होते. गण, गवळण, बतावणी, लावणी, वग अशी तमाशाची बांधणी घट्ट झाली. त्यातली 'बतावणी' म्हणजे सोंगाड्याचा विनोदी संवाद. आज 'बतावणी करणे' म्हणजे खोटा आव आणणे. पुन्हा तेच घडले.

तमाशा या शब्दाला जो हीन वास लागला तो कलेच्या दोषाने लागलेला नाही. ही कला जिवंत ठेवली ती प्रामुख्याने महार, मांग आणि कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांच्या कलेचे नाव गावाने शिवीसारखे वापरले. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी फडावर उभे राहिले आणि पठ्ठे बापूराव झाले. तमाशातली नर्तकी पवळा हिच्याबरोबर त्यांनी फड गाजवला, पण घर, जात आणि प्रतिष्ठा गमावून. 'चारचौघांत तमाशा नको' या वाक्यात जी भीती आहे, ती त्या प्रतिष्ठेची आहे.

विठाबाई नारायणगावकर यांची हकिकत महाराष्ट्राला माहीत आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तेव्हा मागे जाऊन त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव होऊनही त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. हट्टाने जमिनीवर लोळणाऱ्या माणसाला आपण 'तमाशा करू नकोस' म्हणतो, तेव्हा ज्या कलेचे नाव घेतो त्या कलेने सोसलेले हे आहे.

नौटंकी आली कुठून?

नौटंकी मराठीत हिंदीतून आली, पण ती आता इतकी रुळली आहे की शाळेतली मुलेही एकमेकांना सहज म्हणतात. हा शब्द मूळचा एका राजकन्येचे नाव आहे. उत्तरेतल्या लोककथेत मुलतानची शहजादी नौटंकी होती. ती इतकी नाजूक, की तिचे वजन नऊ टंक, असा त्या नावाचा उलगडा सांगतात. टंक हे चार मासे वजनाचे जुने माप, म्हणजे नऊ टंक भरणार अवघे काही तोळे. पंजाबचा फूलसिंह वहिनीच्या टोमण्याने पेटून उठतो, या राजकन्येला जिंकायला निघतो आणि माळिणीच्या मदतीने, स्त्रीचा वेष घेऊन तिच्या महालात शिरतो.

ही कथा रंगमंचावर इतकी लोकप्रिय झाली, की त्या साऱ्या नाट्यप्रकारालाच नौटंकी म्हणू लागले. हाथरस आणि कानपूर ही तिची दोन मोठी घराणी. नगाऱ्याच्या आवाजावर, वरच्या पट्टीत गायले जाणारे ते संगीतनाट्य होते. कानपूरच्या गुलाबबाईंना त्यासाठी १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. विशेष असे की, नौटंकी हे नाव रुळण्याआधी या प्रकाराला 'स्वांग' म्हणत. म्हणजे उत्तरेतून आलेली ही पाहुणी आपल्या 'सोंग'च्याच घरातली निघाली, आणि तिच्या कथेच्या मध्यभागीही एक सोंगच आहे.

अतिरेक लागत होता म्हणून

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या सगळ्या कला अतिरेकी होत्या का? होत्या, आणि त्याला पक्की कारणे होती.

मशालींच्या आणि पलित्यांच्या, पुढे पेट्रोमॅक्सच्या उजेडात शंभर हातांवर बसलेल्या माणसाला नटाच्या भुवईची हालचाल दिसत नाही. त्याला दिसतो तो उंचावलेला हात, गरकन फिरलेले सगळे शरीर, पांढऱ्या रंगावर काजळाने मोठे केलेले डोळे. ध्वनिक्षेपक नव्हता, म्हणून आवाज वरच्या पट्टीत लावावा लागे. संबळ, ढोलकी, नगारा ही वाद्ये वाड्यावस्त्यांपर्यंत ऐकू जातील अशीच निवडलेली. दिवसभर शेतात किंवा होडीवर राबून आलेल्या माणसाला पहाटेपर्यंत जागे ठेवायचे, तर राक्षसाला किंकाळी फोडतच यावे लागे.

नाट्यशास्त्राने याला नाव दिले आहे. जगात जसे घडते तसे दाखवणे ती लोकधर्मी, आणि संकेतांनी, रंगवून, मोठे करून दाखवणे ती नाट्यधर्मी. दुसरी पहिलीपेक्षा कमी दर्जाची आहे असे भरताने मानले नाही.

मराठीत हे बदलले ते एकोणिसाव्या शतकापासून. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले. त्या पौराणिक नाटकांत सूत्रधार गात असे, राक्षस आरोळ्या ठोकत येत आणि मृदंगाच्या बोलांवर नाचत. पुढे सुशिक्षित प्रेक्षकांना हे भडक वाटू लागले. त्यांनी या नाटकांना मृदंगाच्या बोलांवरूनच 'तागडथोम' असे नाव ठेवले. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे नाव महत्त्वाचे आहे, कारण कलेतल्या अतिरेकालाच हिणवण्यासाठी घडवलेला हा मराठी शब्द आहे. १ जुलै १९३३ ला 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले आणि घरातल्यासारखे बोलणे, घरातल्यासारखे वावरणे हा चांगल्या अभिनयाचा निकष होऊ लागला. चित्रपटात तर कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला आणि पापणीची उघडझापही पुरेशी ठरली. जुन्या नटाचा मोठा हातवारा त्यानंतर 'नाटकी' झाला.

युरोपातही असेच घडले. 'मेलोड्रामा'त मूळ ग्रीक 'मेलोस', म्हणजे गीत, आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये हा संगीताच्या साथीचा नाट्यप्रकार फोफावला. लंडनमध्ये गंभीर गद्य नाटक करण्याचा हक्क राजाच्या परवान्याच्या मोजक्या नाट्यगृहांनाच होता. बाकीच्यांना शब्दांऐवजी संगीत, हावभाव आणि दृश्यांचा आधार घ्यावा लागला. ही बंधने १८४३ च्या कायद्याने उठली. तोवर मोठ्या हावभावांची शैली पक्की झाली होती. कायद्याने लादलेल्या गरजेतून जी शैली आली, तिचे नाव पुढे टीकेचा शब्द झाले. ग्रीक भाषेत 'हिपोक्रितेस' म्हणजे नट. त्यावरून इंग्रजीत ढोंगी माणसाला हिपोक्रिट म्हणतात. लॅटिनमधला 'हिस्ट्रियो' म्हणजेही नट. रोममध्ये साथ पसरली असता देवांना शांत करण्यासाठी एट्रुरियाहून नाचणारे नट आणले, असे इतिहासकार लिव्हीने लिहिले आहे. त्या नटाच्या नावावरून इंग्रजीत 'हिस्ट्रिऑनिक', म्हणजे अतिनाटकी, हा शब्द झाला. नटाला देवासाठी बोलवायचे आणि काम झाल्यावर त्याच्या नावाने नावे ठेवायची, ही रीत दोन्हीकडची आहे.

अनेकवचनातला तिरस्कार

मराठीने मात्र या दोन अर्थांत एक बारीक रेघ आखून ठेवली आहे, आणि ती आपण बहुतेकदा नकळत पाळतो. कला असते तेव्हा आपण वेगळी क्रियापदे वापरतो. सोंग घेतात, आणतात, वठवतात. नाटक बसवतात. शिमगा खेळतात. दोष द्यायचा असला की 'करणे' येते आणि पुष्कळदा शब्द अनेकवचनात जातो: सोंगं करणे, नाटकं करणे, तमाशे करणे, नखरे करणे, चाळे करणे. 'ती नाटकात काम करते' आणि 'ती नाटकं करते' या दोन वाक्यांतला फरक मराठी मुलाला व्याकरण न शिकवता कळतो. कलेचा मान भाषेने क्रियापदात राखला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

शब्द कुणावर पडतात

एवढ्यावर थांबता आले असते. पण हे शब्द घरात कुणाला उद्देशून वापरले जातात याकडे पाहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ते बहुतेक वेळा लहान मुले, सुना, आजारी माणसे आणि म्हातारी माणसे यांच्यावर पडतात. बलवान माणूस ओरडला की तो 'संतापला' असतो. दुबळा ओरडला की तो 'नाटकं करतो'.

वैद्यकाच्या इतिहासातही हे दिसते. 'हिस्टेरिया' हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला आणि शतकानुशतके बायकांच्या दुखण्यावर चिकटवला गेला. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणाने १९८० मध्ये एका व्यक्तिमत्त्वविकाराच्या नावातून तो काढला आणि तिथे 'हिस्ट्रिऑनिक' घातला. गर्भाशय गेले, नट आला. आजचे डॉक्टर मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतात. तपासणीत शारीरिक इजा सापडली नाही, तरी झटके, बधिरपणा, वाचा बसणे ही लक्षणे खरी असू शकतात. ती माणसाने मुद्दाम आणलेली नसतात आणि त्यांवर उपचार असतात. अशा माणसाला 'सोंग करतोस' म्हणणे चूक तर आहेच, शिवाय त्याने उपचार लांबतात.

या शब्दांच्या इतिहासातून मला जो निष्कर्ष काढावासा वाटतो तो असा. भावना मोठी करून दाखवणे हा दोष नाही. माणसाने ती देवापुढे, गावापुढे, होळीपुढे हजारो वर्षे मोठी करूनच दाखवली आहे, आणि त्यासाठी जागा व वेळही राखून ठेवली आहे. ती जागा आणि वेळ हरवली, की तीच गोष्ट आकांडतांडव होते. गावातले नमन बंद पडले, जत्रेतला दहीकाला थांबला, तर ती भावना जाणार कुठे? ती घरातच उसळणार, आणि आपण तिला नौटंकी म्हणून मोकळे होणार.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात अशी वाचकांना विनंती आहे. येत्या फाल्गुनात कोकणात गेलात तर एक रात्र नमनाला बसा. सिंधुदुर्गात जत्रा असेल तर दशावतार पहाटेपर्यंत पाहा. तमाशाच्या फडाला तिकीट काढून जा. ज्या कलांची नावे आपण रागाच्या भरात वापरतो, त्या कला आहेत तरी कशा हे डोळ्यांनी पाहा. आणि घरात कुणी फार रडू लागले, ओरडू लागले, तर 'नाटकं करू नकोस' हे तोंडावर आलेले वाक्य क्षणभर मागे ठेवून आधी विचारा, "काय होतंय तुला?" उत्तर ऐकल्यावर ते वाक्य म्हणायची गरज बहुतेक वेळा उरत नाही.